शिबिरातल्या फॉर्मवर मोबाइलच्या व्यसनाचे ३५ मार्क पडले. किती मनावर घ्यायचं?

उद्यमबागचा_टर्नर:
नमस्कार मंडळी. आमच्या कारखान्यात मागच्या आठवड्यात आरोग्य तपासणीचं शिबिर झालं. बीपी, शुगर, डोळे हे दरवर्षीचंच. यंदा जोडीला एक छापील कागद दिला, मोबाइलवर दहा प्रश्न. प्रत्येकासमोर १ ते ६ मधला आकडा लिहायचा. १ म्हणजे अजिबात पटत नाही, ६ म्हणजे शंभर टक्के खरं. माझी बेरीज ३५ आली. खाली छापलेलं, पुरुषांना ३१ च्या वर म्हणजे व्यसन. बीपी १३८/८८ निघालं, त्यावर "मीठ जरा कमी करा" एवढंच म्हणाले. ह्या ३५ वर मात्र लाल पेनानं गोल केला.

आता तो कागद आमच्या मंडळींनी फ्रिजवर चिकटवलाय. पोरगं अकरावीत आहे. त्याला "फोन ठेव" म्हटलं की तोंडानं काही बोलत नाही, नुसतं बोट तिकडं दाखवतंय.

माझ्या फोनमध्ये डिजिटल वेलबीइंग, म्हणजे वापराचे तास दाखवणारं पान, उघडून बघितलं तर रोजचे साडेतीन तासांच्या आसपास. शेजारच्या मशीनवरचा पोरगा सहाच्या वर जातोय आणि त्याची बेरीज २२. मग व्यसनी मी कसा ओ? हे लोक मोजूलालेत तरी काय?

हुक्केरीचे_अण्णा:
दहा प्रश्न कशाला पाहिजेत? जेवताना ताटाशेजारी फोन असतो का, एवढं एक विचारा. संपला विषय.

मच्छेची_खोली:
अण्णा, मग अख्खं बेळगाव नापास.

आकडेमोड_शहापूर:
टर्नरदादा, वर्णनावरून कागद ओळखू आला. ती 'स्मार्टफोन ॲडिक्शन स्केल'ची छोटी आवृत्ती. दक्षिण कोरियात मिन क्वॉन आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली आधी ३३ प्रश्नांची लांब पट्टी, म्हणजे मोजमापाची प्रश्नावली, तयार केली आणि त्याच वर्षी दहा प्रश्नांची छोटी. बेरीज कमीत कमी १०, जास्तीत जास्त ६०. मुलांना ३१ आणि मुलींना ३३ अशी रेघ त्यांनी आखली. 'मुलांना' हे मुद्दाम लिहितोय. ती रेघ कोरियातल्या शाळकरी पोरांवरून आखलेली आहे, सरासरी वय साडेचौदा. तुमचं वय किती?

उद्यमबागचा_टर्नर:
सत्तेचाळीस.

आकडेमोड_शहापूर:
मग ती रेघ तुमच्यासाठी नव्हेच. प्रश्न मोठ्यांना विचारायला हरकत नाही. हाँगकाँगमध्ये प्रौढांना फोन करून हेच दहा प्रश्न विचारले गेलेत, युरोपात फ्रेंच आणि स्पॅनिश बोलणाऱ्या प्रौढांवरही पट्टी तपासलीय. बेरीज जास्त तर तक्रारी जास्त, इतपत म्हणता येतं. पण ३० ला शहाणा आणि ३२ ला व्यसनी असं काही नसतं.

दुसरं म्हणजे 'व्यसन' हा शब्द. जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-११ ही आजारांची यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. तिच्यात गेमिंगचा विकार आहे, स्मार्टफोनचं व्यसन नाही. अमेरिकन मानसोपचारवाल्यांच्या २०१३ च्या यादीतही इंटरनेट गेमिंगला 'अजून अभ्यास हवा' ह्या रांगेत बसवलंय. त्यामुळं जाणकार मंडळी हल्ली 'समस्याजनक वापर' म्हणतात आणि थांबतात. शिबिरातल्या कागदानं निदान करायचं नसतं. फार तर 'यांच्याशी दोन मिनिटं बोला' एवढं त्यानं सांगावं. तुमच्याशी बोललं का कोणी?

उद्यमबागचा_टर्नर:
नाही ओ. मागं ऐंशी माणसं रांगेत होती.

चोर्ला_घाट:
मी गोव्याला भाजीची गाडी मारतो. हे प्रश्न मला आमच्या पोरीनं वाचून दाखवले. "फोन हातात नसला तर अस्वस्थ वाटतं का?" वाटतं की! सहा. "वापरत नसतानाही फोन डोक्यात असतो का?" सहा. घाटात रेंज जाते तेवढा वेळ जीव वर-खाली होतो, कारण पलीकडून व्यापाऱ्याचा फोन आला आणि लागला नाही तर परतीचं भाडं दुसऱ्याला जातंय. शिवाय मॅप चालू असतो, तोही त्या तासांत धरलाय फोननं. माझा स्क्रीन टाइम बघून कुणी मला दाखल करून घेईल.

याला व्यसन म्हणायचं का धंदा म्हणायचा?

आकडेमोड_शहापूर:
प्रौढांचं मोजमाप नेमकं इथंच अडतं. साडेचौदा वर्षांच्या पोराला फोन नसल्यावर चैन पडत नाही, ह्याचा अर्थ बऱ्याचदा एकच निघतो. तुमच्या बाबतीत त्याचे चार अर्थ निघतात आणि बेरजेत ते दिसत नाहीत.

पट्ट्या जुन्याही होतात. ऑस्ट्रेलियात बियांकी आणि फिलिप्स यांनी २००५ साली २७ प्रश्नांची एक पट्टी केली होती, मोठ्या माणसांसाठीच. तिच्यात 'परवडणार नाही एवढं फोनचं बिल आलंय का' अशा अर्थाचा प्रश्न आहे. तेव्हा तो बरोबर होता. आता महिन्याचा पॅक मारला की दिवसभर रील बघा, बिलात एक रुपया वाढत नाही.

निपाणीची_सून:
आमच्या सासूबाईंचं सांगते. पन्नासेक वर्षं विड्या वळतायत. मांडीवर सूप, त्यात ओलसर पानं आणि जर्दा, पत्र्याचं माप पानावर ठेवून कात्री फिरवायची, चिमूटभर जर्दा, वळायचं, टोक दुमडायचं, दोरा. बघायची गरज नाही, हात आपोआप चालतात. समोर डब्याला टेकवून फोन ठेवलेला. सकाळी कीर्तन, दुपारी मालिकांचे जुने भाग, मध्येच कुणाच्या तरी लग्नाचा व्हिडिओ. संध्याकाळी फोन बघितला तर आठ तासांच्या वर. नऊ वाजता त्या फोन चार्जिंगला लावून झोपतात ते थेट पाचला उठतात.

गंमत म्हणून त्यांना हे दहा प्रश्न विचारले. "ठरवलं त्यापेक्षा जास्त वेळ फोन बघता का?" तर म्हणाल्या, "मी ठरवते कुठं?" जवळजवळ सगळीकडं १. फक्त मनगट आणि मान दुखते का, ह्याला ६. आता ते मनगट कशानं दुखतंय हे निपाणीत शेंबडं पोर पण सांगेल. पण कागदावर ते गेलं मोबाइलच्या खात्यात.

फिजिओ_टिळकवाडी:
निपाणीच्या ताईंनी बरोबर जागी बोट ठेवलंय. दुखण्याचा प्रश्न पट्टीच्या आतच आहे. मग एखादा अभ्यास म्हणतो, 'ज्यांची बेरीज जास्त त्यांची मान जास्त दुखते'. अहो, मान दुखते म्हणूनच तर बेरीज वाढली! थोडा संबंध खरा असेलही, पण तो असा मोजला तर आपलीच शेपटी आपण पकडतोय.

मानेवर २७ किलो वजन पडतं हा फॉरवर्ड सगळ्यांना आलाच असेल. तो आकडा २०१४ सालच्या एका अमेरिकन सर्जनच्या गणितातून आलाय. मान ६० अंश खाली झुकली तर एवढा भार येतो, हे संगणकावरच्या मॉडेलनं काढलेलं आहे, माणसांच्या मानेत काटा घालून मोजलेलं नाही. म्हणून खोटंही म्हणत नाही. पण माझ्याकडं येणाऱ्यांत लेथवाले, शिवणकामवाल्या, वडगावचे मागावरचे विणकर, सगळ्यांची मान आधीपासून खालीच असते. फोन त्यावर भर घालतो. अंगठ्याच्या मुळाशी मनगटात कळ येणं हे मात्र मोठा फोन एका हातात धरून अंगठ्यानं टाइप करणाऱ्यांत मी बघते. लेकरू सारखं कडेवर घेणाऱ्या आयांतही तेच दुखणं, त्यामुळं तिथंही विचारपूस केल्याशिवाय खापर फोडता येत नाही.

मच्छेची_खोली:
माझी शंका. दहावा प्रश्न आहे, "आजूबाजूची माणसं म्हणतात का की तू फार फोन वापरतोस?" मी खोली घेऊन एकटा राहतो. कोण म्हणणार? मी १ लिहिला. आई म्हणते खरी, पण ती फोनवरच म्हणते, तासभर बोलून झाल्यावर.

उद्यमबागचा_टर्नर:
माझे त्यात पूर्ण सहा.

कणकुंबी_मास्तर:
आमच्याकडं एकच टेकाड आहे जिथं दोन कांड्या रेंज येते. संध्याकाळी अर्धा गाव तिथं. पावसाळ्यात छत्री घेऊन उभं राहायचं. घरात फोन असून नसल्यासारखा. ह्या पट्टीवर आमचं गाव एकदम निरोगी ठरेल. पण बेळगावात बहिणीकडं मुक्कामाला गेलो की हेच लोक रात्री एकपर्यंत जागतात, माझ्यासकट. तेव्हा कुठं बसून फॉर्म भरला ह्यावरही मार्क बदलतील.

हुक्केरीचे_अण्णा:
एवढा काथ्याकूट करण्यापेक्षा सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावसारखं करा. २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, दीड तास टीव्ही-मोबाइल बंद, पोरं अभ्यासाला. मोजमाप नाही, फॉर्म नाही. आणि हे शहापूरचे सर सगळंच खोडून काढायला लागलेत. म्हणजे मोबाइल निर्धोक, चालू द्या, असंच ना?

आकडेमोड_शहापूर:
नाही अण्णा. उलट. त्रास खरा आहे म्हणूनच नीट मोजायचा. भोंगा चांगलाच आहे, पण सातला वाजतो. दुसऱ्या पाळीचा माणूस तेव्हा मशीनवर असतो. त्याचा खेळ सुरू होतो रात्री बारानंतर.

लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या लोकांनी २०१९ साली ४१ अभ्यास एकत्र केले, जवळपास ४२ हजार जण, सगळी मुलं आणि तरुण. साधारण चारातला एक समस्याजनक वापरात बसला. त्यांच्यात नैराश्याची शक्यता सुमारे तिप्पट, झोप नीट नसण्याची अडीचपटीहून थोडी जास्त. हे लहान आकडे नव्हेत. पण त्यातले बहुतेक अभ्यास एकाच वेळी दोन्ही प्रश्न विचारणारे. आधी मन बिघडलं म्हणून फोन हातात आला, का फोनमुळं मन बिघडलं, हे त्यातून सुटत नाही.

आणि टर्नरदादांचा मूळ प्रश्न, तास आणि मार्क जुळत का नाहीत. कारण त्या दहा प्रश्नांत तास विचारलेलेच नाहीत. काम चुकतं का, ताबा सुटतो का, आजूबाजूचे बोलतात का, हे विचारलंय. २०१९ साली इंग्लंडमध्ये अशा बऱ्याच पट्ट्या घेऊन लोकांच्या आयफोनमधल्या नोंदींशी ताडून बघितल्या, तर संबंध कमजोर निघाला. तुम्ही अंदाजानं तास सांगितले असते तरी फार फरक पडला नसता. माणसांचा स्वतःबद्दलचा अंदाज आणि फोनमधली नोंद यांचा मेळ बेताचाच असतो, हे २०२१ च्या मोठ्या आढाव्यात पुन्हा दिसलं. म्हणजे फोन वेळ मोजतो, कागद कुरकुर मोजतो. तुमच्या शेजारचा पोरगा सहा तास बघून खूश आहे, तुम्ही साडेतीन तासांत बेजार आहात. दोन्ही नोंदी खऱ्या असू शकतात.

एक करा. दहाच्या दहा उत्तरं इथं टाका. बेरीज नको, सुटे आकडे.

उद्यमबागचा_टर्नर:
घ्या. कागद फ्रिजवरून काढून बघूनच लिहूलालोय.
ठरवलेलं काम राहतं: २. लक्ष लागत नाही: २. मान-मनगट दुखतं: ६. फोन नसला तर सहन होत नाही: ३. हातात नसला तर चिडचिड: २. सारखा डोक्यात असतो: २. त्रास झाला तरी सोडणार नाही: ४. लोकांचं काय चाललंय ते सारखं बघतो: २. ठरवल्यापेक्षा जास्त वेळ: ६. घरचे म्हणतात फार वापरतोस: ६.

आकडेमोड_शहापूर:
३५ पैकी १८ तीनच प्रश्नांतून. त्यातली मान वर्षानुवर्षांच्या लेथचीही असणार. घरचे कधी ओरडतात? आणि ठरवल्यापेक्षा जास्त म्हणजे नेमकं कधी?

उद्यमबागचा_टर्नर:
दोन्हीचं उत्तर एकच. दुसरी पाळी असली की. अकराला सुटतो, घरी येऊन जेवून आडवा होतो, झोप येत नाही. डोक्यात मशीनचा आवाज चालूच असतो. मग लाइट बंद करून शॉर्ट्स. जुन्या कुस्त्या, ट्रॅक्टर, कोण विहीर खणतंय ते. दीड वाजतोय. कधी दोन. मंडळींच्या तोंडावर उजेड पडतो, मग सुरू. आणि सकाळी सहाला नळाला पाणी येतं, ते भरायला उठावंच लागतंय. पहिली पाळी असते तेव्हा दहाला घोरतो मी, फोन कुठाय ते पण माहीत नसतं.

रात्रपाळी_सिस्टर:
इतका वेळ गप्प राहून वाचत होते. दादा, तुमच्या कागदावर लाल गोल चुकीच्या आकड्याला मारलाय.

दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात तुम्ही साडेचार तास झोपता. आणि बीपी १३८/८८. आपल्याकडं १४०/९० पासून पुढं उच्च रक्तदाब धरतात, तुम्ही काठावर आहात. वर्षानुवर्षं झोप कमी पडली की बीपी वाढायची शक्यता वाढते, ही नीट अभ्यासलेली गोष्ट आहे. मीठ कमी कराच, पण झोपेबद्दल कुणी विचारलंच नाही तुम्हाला. वॉर्डात मी हेच बघते. पेशंटच्या उशाशी फोन बघून नातेवाइकांना आम्ही रागावतो, पण किती झोपला हे चार्टवर लिहायचं राहून जातं.

झोपेची वेगळी प्रश्नावली आहे, पिट्सबर्गची, १९८९ सालची. गेल्या महिन्याभराची झोप विचारते, ० ते २१ मार्क, ५ च्या वर गेलं की झोप बरी नाही असं धरतात. मन उदास आहे का ह्याचे नऊ प्रश्न वेगळे आहेत, गेल्या दोन आठवड्यांबद्दल. मोबाइलचा कागद ह्या दोन्हींशिवाय एकटा दिला तर हाती काहीच लागत नाही.

निळ्या उजेडाचं फार मनावर घेऊ नका. चष्मे विकणाऱ्यांनी त्याचा बाऊ केलाय. उजेडाचा परिणाम आहे, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे झोपेची वेळच फोन खातो आणि डोकं जागं ठेवतो. तुमच्या बाबतीत तर आधी झोप येत नाही, मग फोन येतो, मग आलेली झोपही जाते. दोन्हीकडून आहे. म्हणून नुसतं "फोन सोडा" म्हणून मी मोकळी होणार नाही. पाळीवरून आल्यावर अंगावर गरम पाणी, हलकं जेवण आणि ऐकायचं असलं तर रेडिओ लावा, पडदा उलटा करून. मी स्वतः नाइट करून आले की हेच करते. रोज जमतं असं नाही.

फिजिओ_टिळकवाडी:
आणि आडवं पडून छातीवर फोन धरू नका. तुमच्या मानेचे सहातले दोन मार्क तिथले असतील.

मच्छेची_खोली:
सिस्टर, विषय थोडा बाजूला जाईल, पण विचारतो. माझा चुलतभाऊ दिवसभर फोनवर असतो. घरचे म्हणतात मोबाइलचं व्यसन. तो पैसे लावून पत्ते खेळतो. ॲपवरून कर्ज काढलंय, ते फेडायला दुसरं काढलंय. त्याला हा फॉर्म भरायला लावू काय?

रात्रपाळी_सिस्टर:
नको. त्याचा प्रश्न फोनचा नाही, जुगाराचा आहे. आयसीडी-११ मध्ये ऑनलाइन जुगाराच्या विकाराला स्वतंत्र जागा आहे आणि ते खरं निदान आहे, त्यावर उपचार होतात. फोन काढून घेतला तर दुसऱ्याचा घेईल. १४४१६ हा टेलि-मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक आहे, भाषा निवडता येते. त्याला शेजारी बसवून लावा. तो तयार नसेल तर आधी तुम्हीच बोला, घरच्यांनी बोललेलं चालतं. बेंगळूरला निम्हान्स ह्या मानसिक आजारांच्या सरकारी संस्थेत तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी २०१४ पासून वेगळं क्लिनिक आहे. पण आधी जवळच्या मानसोपचारवाल्यांना दाखवा. कर्जाचा आकडा त्याच्याकडून वहीवर लिहून घ्या, तोंडी नको. तोंडी कधीच पूर्ण सांगत नाहीत.

मच्छेची_खोली:
होय. आजच बघतो.

हुक्केरीचे_अण्णा:
पोरा, रागावू नको त्याच्यावर. काही लागलं तर मेसेज टाक.

आकडेमोड_शहापूर:
टर्नरदादा, पुढच्या वर्षीच्या शिबिरासाठी कंपनीच्या एचआरला चार ओळी लिहून देतो, तुम्ही पोचवा. 'व्यसन' ही ओळ खोडा. ३१ ची रेघ खोडा. पाळी कुठली ते विचारा. किती वाजता झोपला, किती वाजता उठला ते विचारा. फोन कशासाठी वापरता, कामासाठी का वेळ घालवायला, हा एक रकाना. ज्याची तयारी असेल त्याच्या फोनमधली आठवड्याची नोंद बघा, आणि तीही रात्री अकरानंतरची, दिवसभराची बेरीज नव्हे. एकच फोन घरात तिघं वापरत असतील तर तसं लिहा, नाहीतर पोराचे कार्टून बापाच्या नावावर. आणि महिनाभरानं त्याच माणसाला पुन्हा विचारा. एकदाच काढलेल्या मार्कांवरून कुणाचंच काही सांगता येत नाही.

उद्यमबागचा_टर्नर:
एचआरला देतो. वाचतील का ते सांगता येत नाही, पण देतो. मंडळींनी हा धागा वाचला. म्हणाल्या, ते लोक चांगलं बोलतात, पण उजेड माझ्या तोंडावर पडतो.

ह्या सोमवारपासून पहिली पाळी आहे. त्या आठवड्यात दवाखान्यात जाऊन बीपी परत मोजून घेतो.

रात्रपाळी_सिस्टर:
पहिल्या पाळीत एकदा आणि दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात एकदा, असं दोनदा मोजा. चहा-तंबाखू झाल्यावर अर्धा तास थांबून. पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसायचं, मग मोजायचं. पहिल्या वेळी दोन्ही हातांचं घ्या.

उद्यमबागचा_टर्नर:
बरं. आकडे इथंच टाकतो.